पेट्रोल महाग करण्याआधी कोणाला काय विचारायचं?

नाताळच्या सुट्टीत नायजेरियातली लाखो माणसं लेगोस, अबुजासारखी शहरं सोडून आपापल्या गावी जातात, जशी आपल्याकडे मुंबई गणपतीला कोकणात उतरते. २०१२ साली ही माणसं गावीच असताना १ जानेवारीला सरकारनं जाहीर केलं की पेट्रोलवरची सबसिडी आजपासून बंद. ६५ नायराला मिळणारं लिटरभर पेट्रोल एका रात्रीत १४१ नायरावर गेलं. परतीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत आता अर्धाच रस्ता कापला जाणार होता. बसथांब्यांवर माणसं खिसे चाचपत उभी राहिली.

९ जानेवारीपासून देशभर संप सुरू झाला. दुकानं, बँका, बंदरं बंद. तेल उत्पादनच थांबवू, असा इशारा तेल कामगारांच्या संघटनेनं दिला. १६ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी माघार घेतली आणि दर ९७ नायरावर आणला.

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे सरकारचा हिशेब बरोबर होता. अर्थमंत्री होत्या न्गोझी ओकोन्जो-इवेला. जागतिक बँकेत व्यवस्थापकीय संचालक म्हणून काम करून आलेल्या या बाईंना आकडेमोड शिकवण्याची गरज नव्हती. सबसिडीवर जाणारा पैसा शाळा आणि दवाखान्यांच्या पैशांना भारी पडत होता. ज्याच्याकडे दोन गाड्या त्याला सबसिडी जास्त आणि जो पायी चालतो त्याला थेट काहीच नाही, हेही खरं होतं. कागदावर या सुधारणेत खोट काढायला जागा नव्हती. तरी ती पंधरा दिवसांत अर्धी गुंडाळावी लागली.

हिशेब बरोबर असूनही सुधारणा का फसते, याचा शोध घेण्याच्या पद्धतीला राजकीय-आर्थिक विश्लेषण म्हणतात. नाव जड आहे, काम ओळखीचं आहे. गावात नव्या रस्त्यासाठी मोजणीवाले यायचे असतात, तेव्हा जाणता सरपंच नकाशा नंतर उघडतो. कोणाचा बांध सरकणार, कोणाची विहीर रस्त्याच्या पलीकडे जाणार, कोणत्या दोन घरांत जुनी भांडणं आहेत, मागच्या खेपेला कोणाला भरपाई कबूल करून दिलीच नव्हती, हे तो आधी मनात मांडतो. हेच काम देशाच्या पातळीवर, पद्धतशीरपणे आणि पुराव्यानिशी करायचं. २००० नंतरच्या दशकात ब्रिटन, स्वीडन, नेदरलँड्स यांच्या मदतसंस्थांनी आणि मग जागतिक बँकेनं यासाठी आपापल्या पद्धती आखल्या. कारण उघड होतं. गरीब देशांना दिलेले उत्तम सल्ले वर्षानुवर्षं फायलींत पडून राहत होते, आणि दर वेळी अहवालात एकच कारण लिहिलं जायचं: राजकीय इच्छाशक्तीचा अभाव.

या शब्दप्रयोगावर माझा राग आहे. इच्छाशक्ती नाही म्हटलं की शोध तिथेच संपतो. डॉक्टरनं रोग्याला तपासायचं सोडून ‘याला बरं व्हायचंच नाही’ असं म्हणण्यासारखं ते आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. एखादी व्यवस्था इतकी वाईट असेल, तर ती टिकली कशी? ती कोणाच्या तरी उपयोगाची असल्याशिवाय टिकत नाही. तो उपयोग कोणाचा, किती आणि कशासाठी, हे शोधायला बसलं की चित्र बदलू लागतं.

नायजेरियाचंच पाहू. आफ्रिकेतला हा मोठा तेल उत्पादक देश, पण त्याचे सरकारी शुद्धीकरण कारखाने जवळजवळ निकामी झालेले. कच्चं तेल बाहेर जायचं आणि पेट्रोल आयात व्हायचं. वीज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून घराघरात, टपरीटपरीवर पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर. त्यातल्या सर्वांत लहान, हातात उचलून नेता येणाऱ्या जनरेटरला तिथल्या लोकांनी नाव दिलंय ‘आय बेटर पास माय नेबर’, म्हणजे मी शेजाऱ्यापेक्षा जरा बरा. रस्त्याकडेच्या न्हाव्याची मशीन त्यावर चालते, शिंप्याच्या दुकानातला दिवा त्यावर लागतो, थंड पाणी विकणाऱ्या बाईचा फ्रीज त्यावर चालतो. गाडी यांच्याकडे नाही. पेट्रोल म्हणजे यांची वीज.

आता सबसिडीचा फायदा श्रीमंतांनाच होतो, हे वाक्य या न्हाव्याला ऐकवून पाहा. सरासरीच्या तक्त्यात ते वाक्य खरं आहे. पण त्याच्या बाजूनं पाहिलं तर सरकार त्याला वीज देत नाही, नळाला पाणी देत नाही, मुलाला धड शाळा देत नाही. देश तेलावर श्रीमंत आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि त्या तेलातलं जे काही त्याच्या हाताला लागतं ते एवढं एकच, स्वस्त पेट्रोल. तेही काढून घेणार आणि बदल्यात पुढे कधीतरी दवाखाना बांधणार, असं सरकार म्हणतं. त्यानं का विश्वास ठेवावा? त्याचा विरोध अज्ञानातून आलेला नव्हता. हाती आहे ते सोडू नये, हे त्याला अनुभवानं शिकवलं होतं.

दुसऱ्या टोकाला होते आयातदार. सबसिडीचे पैसे त्यांच्या हातून फिरायचे. संपाच्या तोंडावर नेमलेल्या संसदीय समितीला आढळलं की २००६ मध्ये या योजनेत बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या होत्या, २०११ मध्ये त्या १४० झाल्या होत्या. देशात रोज जेवढं पेट्रोल जळत होतं, त्याच्या जवळपास दुपटीचे पैसे सरकार मोजत होतं. म्हणजे जे पेट्रोल आलंच नाही त्यावरही सबसिडी उचलली जात होती. या समितीचे अध्यक्ष फारूक लावान यांनाच पुढे, २०२१ मध्ये, लाच घेतल्याबद्दल न्यायालयानं दोषी ठरवलं. चौकशीच्या यादीतून एका कंपनीचं नाव वगळण्यासाठी ती लाच होती.

म्हणून लोक रस्त्यावर उतरून म्हणत होते की आधी चोर पकडा, मग आमच्या खिशात हात घाला. सरकारला तो आडमुठेपणा वाटला. वास्तविक सुधारणेचा योग्य क्रम लोक सांगत होते.

आणि सुधारणेच्या बाजूनं कोण होतं? वाचलेल्या पैशातून ज्यांचा फायदा होणार होता, ती मुलं, त्या गरोदर बाया, ते गावदवाखाने. यांची संघटना नाही, यांचा नेता नाही, आणि आपला फायदा होणार आहे हे त्यांना माहीतही नाही. ज्यांचं नुकसान होणार ते आज एकत्र आहेत, ज्यांचं भलं होणार ते उद्या कुठेतरी विखुरलेले असतील. जगातल्या बहुतेक सुधारणा या एका विषमतेशी झगडत असतात, मग ती इंधनाची असो, शेतमालाच्या बाजाराची असो की जमिनीच्या नोंदींची. संप तोंडावर आल्यावर जोनाथन यांनी १,६०० डिझेल बस आणण्याची घोषणा केली. तोवर बस फार उशिरा निघाली होती.

याच्या साधारण वर्षभर आधी इराणनं याहून मोठी उडी मारली होती. डिसेंबर २०१० मध्ये रेशनिंगच्या कोट्यातलं पेट्रोल १,००० रियालवरून ४,००० रियालवर गेलं, म्हणजे चौपट. डिझेल त्याहून जास्त पटीनं वाढलं, वीज, गॅस आणि ब्रेडही महागले. तरी तेहरान पेटलं नाही.

त्याआधी कित्येक महिने सरकारनं कुटुंबांची नावं नोंदवून बँकेत खाती उघडून घेतली होती. सहा कोटींहून अधिक माणसांची नोंद झाली. माणशी महिन्याला सुमारे साडेचार लाख रियाल, तेव्हाच्या दरानं ४० ते ४५ डॉलर. आणि भाव वाढायच्या आधीच पहिल्या दोन महिन्यांचे पैसे खात्यात जमा झाले. पैसे खात्यात दिसत होते, पण काढता येत नव्हते. भाववाढ लागू झाली त्या दिवशी ते मोकळे झाले. मला या सगळ्या कहाणीत ही एक गोष्ट फार मोलाची वाटते. सरकारचा शब्द आणि खात्यातला आकडा यांतला फरक गरीब माणसाला शिकवावा लागत नाही.

आधी इराणनं फक्त गरिबांना पैसे द्यायचं ठरवलं होतं. लोकांच्या उत्पन्नाचे गट पाडले गेले, आणि माझा गट चुकलाय अशा तक्रारींचा पूर आला. तेव्हा सरकारनं तो नाद सोडून मागेल त्याला पैसे द्यायचं ठरवलं. शुद्ध अर्थशास्त्राच्या दृष्टीनं ही उधळपट्टी. पण मध्यमवर्ग तेहरानच्या रस्त्यांवर उतरू शकतो आणि त्यालाही या बदलात वाटा हवा, हे त्यांनी ओळखलं. सरकार अहमदीनेजाद यांचं होतं, लोकशाहीचा आदर्श म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. विरोधकांवरची दडपशाहीही त्याच काळातली. तरी या एका कामातला त्यांचा अभ्यास नाकारता येत नाही.

पुढे महागाईनं ती रक्कम खाऊन टाकली. साडेचार लाख रियाल तेवढेच राहिले, त्यांत येणाऱ्या वस्तू कमी कमी होत गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच देशात मध्यरात्री, काहीही न सांगता, पेट्रोलचा दर पुन्हा वाढवला गेला आणि कोट्यापलीकडच्या लिटरचा भाव तिप्पट झाला. या खेपेला आंदोलन देशभर पसरलं आणि ते चिरडताना शेकडो माणसं मारली गेली. देश तोच, वस्तू तीच, नऊ वर्षांचं अंतर. एकदा केलेलं विश्लेषण कायमचं पुरत नाही.

इंडोनेशियाला हा धडा रक्तानं मिळाला होता. मे १९९८ मध्ये आर्थिक संकटाच्या ऐन भरात सुहार्तो सरकारनं इंधनाचे दर वाढवले, दंगली उसळल्या आणि त्याच महिन्यात, ३२ वर्षांच्या सत्तेनंतर, सुहार्तोंना जावं लागलं. ऑक्टोबर २००५ मध्ये युधोयोनो सरकारनं दर सरासरी दुपटीहून जास्त वाढवले, पण सोबत गरीब कुटुंबांना महिन्याला एक लाख रुपियाची रोख मदत पोस्टातून दिली. घाईत केलेल्या याद्यांत बरेच घोळ होते, गावोगावी त्यावरून भांडणं झाली, तरी सरकार टिकलं. २०१५ च्या जानेवारीत जोको विडोडो यांनी पेट्रोलवरची सबसिडी जवळजवळ काढूनच टाकली आणि फारसा आवाज झाला नाही. तेव्हा जगात कच्चं तेल कोसळलं होतं. पंपावरचा भाव न भडकता सबसिडी नाहीशी झाली. वेळ साधणं हाही या विश्लेषणाचाच भाग आहे.

भारतानं तिसरीच वाट काढली, आणि ती आपण सगळ्यांनी जगलेली आहे. जानेवारी २०१३ मध्ये डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे नऊ-दहा रुपयांची तूट होती. ती एकदम भरून काढली असती तर मालवाहतूकदारांचा चक्काजाम ठरलेला. सरकारनं तेल कंपन्यांना महिन्याला साधारण ५० पैसे वाढवायची मुभा दिली. पन्नास पैशांसाठी रस्त्यावर कोण उतरणार? भाजीचा टेम्पोवाला कुरकुरला, पण टेम्पो उभा करण्याइतकं ते कारण नव्हतं. दरम्यान केंद्रात सरकार बदललं, तरी नव्या सरकारनं ही महिन्याची वाढ थांबवली नाही. तेलाचे भाव उतरले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले.

यातही एक गोष्ट मात्र कोणी नीट मांडून पाहिली नव्हती. २०१३ च्या त्याच जानेवारीत घाऊक ग्राहकांसाठी, म्हणजे रेल्वे, एसटी, मोठे कारखाने यांच्यासाठी, डिझेल एकदम बाजारभावानं केलं. झालं असं की आगारातल्या टाकीतलं डिझेल दहा-अकरा रुपयांनी महाग आणि कोपऱ्यावरच्या पंपावरचं स्वस्त. मग आपल्या एसटीसह अनेक राज्यांच्या परिवहन महामंडळांनी गाड्या सरळ बाहेरच्या पंपांवर पाठवायला सुरुवात केली. एसटीच्या लाल गाड्या ट्रक आणि टेम्पोंच्या रांगेत डिझेलसाठी उभ्या. एकाच वस्तूचे दोन भाव ठेवले की माणसं, आणि महामंडळंही, स्वस्त बाजूला सरकतात. हे आधी ओळखायला मोठं शास्त्र लागत नाही. डेपो मॅनेजरला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

दोन भावांचं याहून भीषण रूप महाराष्ट्रानं पाहिलं आहे. लहानपणी रेशनच्या दुकानात कॅन घेऊन मी रांगेत उभा राहिलो आहे. निळं रॉकेल, पत्र्याचं माप, नरसाळं आणि ‘या महिन्याचं संपलं’ हे वाक्य. ते कुठे संपत होतं हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. २०११ च्या सुमारास रेशनचं रॉकेल लिटरला पंधरा रुपयांच्या आत होतं आणि डिझेल चाळीसच्या आसपास. या फरकावर एक अख्खी साखळी जगत होती. रॉकेल गरिबाच्या स्टोव्हऐवजी टँकरमध्ये जायचं, डिझेल-पेट्रोलमध्ये मिसळायचं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ अशी भेसळ चाललेली दिसली आणि त्यांनी जाब विचारला. भेसळखोरांनी भरदिवसा त्यांना जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी.

एवढी धग ज्या पैशात असते, तो पैसा नुसतं परिपत्रक काढून आटत नाही. जुलै २०१६ पासून रॉकेलही महिन्याला २५ पैशांनी वाढत गेलं, दोन भावांमधलं अंतर कमी होत गेलं आणि त्याबरोबर भेसळीतला नफाही. स्वयंपाकाचा गॅस आणि वीज दूरवरच्या घरांत पोचत गेल्यामुळे रॉकेलवाचून ज्यांचं अडत होतं अशी माणसंही कमी होत गेली. ही दुसरी बाजू नसती तर नुसती भाववाढ हा गरिबाच्या चुलीवरचा घाला ठरला असता.

आता विश्लेषण करणाऱ्यांविषयी थोडं, कारण तेही या हितसंबंधांच्या नकाशातच असतात. मदतसंस्थांचे असे अहवाल बरेचदा गुप्त ठेवले जातात, कारण त्यात कोणत्या मंत्र्याचा कशात हात आहे हे लिहिलेलं असतं. अडचण समजू शकते. पण त्यामुळे होतं असं की ज्या देशाबद्दल ते लिहिलंय तिथल्या शिक्षकाला, कामगार पुढाऱ्याला, पत्रकाराला ते वाचायला मिळत नाही. शिवाय कर्ज देणाऱ्या संस्थेला ठरल्या मुदतीत पैसा खर्च झालेला दाखवायचा असतो, सल्लागाराला पुढचं काम हवं असतं. हेही हितसंबंधच. ते स्वतःला मात्र नकाशाबाहेर, उंचावर बसलेलं समजतात.

मला खरी भीती वाटते ती याची की हे साधन विरोधकांना चुकवण्यासाठी वापरलं जातं. कोण अडवेल, त्याला कसं फोडायचं, कोणाला गप्प करायचं, एवढ्यापुरतंच. तसं वापरलं तर सुधारणा एखाद वेळ पदरात पडते, पण न्हाव्याचा प्रश्न तसाच राहतो. विरोध करणाऱ्याच्या म्हणण्यात काय तथ्य आहे, हे शोधणं हा माझ्या मते या कामाचा गाभा आहे. नायजेरियात तसं शोधलं असतं तर आधी वीज, आधी चोरांवर खटले, मग दरवाढ, असा क्रम निघाला असता. कदाचित पाच-सहा वर्षं लागली असती. झालं काय, तर सबसिडी पुढची अकरा वर्षं चालूच राहिली.

२९ मे २०२३ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर पहिल्याच भाषणात बोला टिनुबू यांनी सबसिडी संपल्याचं जाहीर केलं. २०१२ च्या जानेवारीत याच टिनुबूंनी विरोधी बाजूला उभं राहून सबसिडी काढण्यावर कडाडून टीका केली होती. आता तिजोरीत खडखडाट होता, निवडणुकीतल्या तिन्ही प्रमुख उमेदवारांनी सबसिडी काढण्याचं आधीच म्हटलं होतं आणि पुढची निवडणूक चार वर्षं लांब होती. राजकीय वेळ त्यांनी अचूक पकडली. काही आठवड्यांत पेट्रोल १८५ च्या आसपासहून ६१७ नायरावर गेलं. त्याच सुमारास चलनाचा दरही बाजारावर सोडल्यानं नायरा घसरला आणि पुढच्या वर्षी महागाई ३० टक्क्यांच्या वर गेली.

या खेपेला सरकार झुकलं नाही. पण मदत पुन्हा मागाहूनच आली. दीड कोटी कुटुंबांना तीन महिने दरमहा २५,००० नायरा देण्याची योजना दरवाढीनंतर काही महिन्यांनी जाहीर झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये संबंधित खात्याच्या मंत्र्यांना गैरव्यवहाराच्या आरोपांवरून निलंबित करून सरकारनं मदतीचे कार्यक्रमच थांबवले. किमान वेतन ३०,००० वरून ७०,००० नायरा व्हायला जुलै २०२४ उजाडलं, आणि ते संघटित नोकरदारांच्या वाट्याला आलं. न्हाव्याला किमान वेतन नसतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये लेगोसजवळच्या डांगोटे कारखान्यातून पेट्रोल बाजारात यायला लागलं. दिवसाला साडेसहा लाख पिंप तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेला हा खाजगी प्रकल्प आफ्रिकेतला सर्वांत मोठा आहे. २०१२ च्या नकाशावर तो नव्हता. जुन्या आयातदारांचं काय होणार, एकाच मालकाच्या हाती देशाच्या पेट्रोलचा एवढा वाटा गेला तर भाव कोण ठरवणार, आणि ‘आय बेटर पास माय नेबर’ चालवणाऱ्या माणसाला वीज कधी मिळणार, हे प्रश्न आता तिथे नव्यानं मांडावे लागणार आहेत.